भागीदाराची सही बदलता, मग वायफायचा पासवर्ड का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी मी रिक्षाने एमआयडीसीकडे निघाले होते. एका चौकात ट्रकची रांग लागली आणि रिक्षा थांबली. तेवढ्या वेळात बँकेचं स्टेटमेंट उतरवून घ्यावं म्हणून फोन काढला, तर वर वायफायचं चिन्ह. भर रस्त्यात वायफाय कुठलं, म्हणून बघितलं तर समोरच्या इमारतीतल्या एका फर्मचं नाव. त्या फर्मचं हिशोबाचं काम मी चार वर्षांपूर्वी सोडलं. या चार वर्षांत त्यांनी पाटी नवी केली, एसी बसवला, दारापुढे पेव्हर ब्लॉक टाकले. पासवर्ड मात्र तोच राहिला. चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र लिहीपर्यंत तो बदललेला नाही.

मी जळगावात २६ वर्षांपासून अकाउंट्सचं काम करते. एका जागी नोकरी नाही, पाच फर्म वाटून घेतल्या आहेत. सोमवार-मंगळवार एमआयडीसीतली डाळ मिल, बुधवारी दाणाबाजारातली आडत, गुरुवारी सावद्याला केळीचे व्यापारी, शुक्रवारी चटईचा कारखाना, शनिवारी एक हार्डवेअरचं दुकान. जिथे जाईन तिथे लॅपटॉप उघडायचा आणि वायफायला जोडायचा. त्या मंगळवारी रात्री घरी येऊन लॅपटॉपमध्ये साठलेल्या जोडण्यांची यादी काढली. नऊ फर्म निघाल्या. म्हणजे चार जुन्या. पासवर्डही लॅपटॉप जसाच्या तसा दाखवतो. दोन ठिकाणी मालकांचा मोबाइल नंबर, जो दुकानाच्या पाटीवर हातभर आकड्यांत रंगवलेला आहे. एका ठिकाणी जीएसटी नंबर, जो प्रत्येक बिलावर छापून गावोगाव जातो. बाकीच्यांत देवाचं नाव, नाहीतर फर्मचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

भागीदार फर्ममधून बाहेर पडला की आपण दुसऱ्या दिवशी बँकेत जातो. राजीनाम्याचं पत्र देतो, जुनी सही रद्द करतो, नवी देतो. मुनीम सोडून गेला तर किल्ल्यांचा जुडगा मोजून घेतो, मनात आलं तर तिजोरीचं कुलूपही बदलतो. यात त्या माणसावर अविश्वास दाखवला असं कोणी समजत नाही. व्यवहाराची रीतच ती. मग ज्या पासवर्डने आपली सगळी किर्द-खतावणी, कामगारांचे पगार, गिऱ्हाइकांचे पत्ते असलेल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येतं, तो मात्र गेलेल्या माणसाबरोबर निघून जातो आणि कोणाला त्याची आठवणही होत नाही.

यातून काय होतं ते मी दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये पाहिलं.

डाळ मिल म्हणजे पत्र्याचं मोठं शेड आणि कडेला ऑफिसच्या दोन खोल्या. वायफाय देणारा डबा, म्हणजे राउटर, ऑफिसच्या भिंतीवर, बरोबर कूलरच्या तोंडासमोर, कारण जळगावच्या मे महिन्यात तो तापून बंद पडतो. त्या एकाच राउटरवर सगळं होतं: वजनकाट्याचा कॉम्प्युटर, टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, प्रिंटर, आमचे लॅपटॉप आणि सगळ्यांचे मोबाइल. तुरीचा ट्रक खाली व्हायला चार-चार तास लागतात, तर ड्रायव्हर पासवर्ड मागायचे. दलाल यायचे, बारदानवाला यायचा, मशिनरीचा मिस्त्री यायचा. पासवर्ड म्हणजे मिलचे मालक भाऊ यांचा मोबाइल नंबर. ‘भाऊंचा नंबर टाका’ एवढं सांगितलं की काम झालं. टॅलीचा डेटा ज्या फोल्डरमध्ये, तो नेटवर्कवर सर्वांना उघडा ठेवलेला होता, वाचायलाही आणि लिहायलाही. नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एन्ट्री होत नाही, असं तो लावून देणाऱ्याने सांगितलं होतं आणि आम्ही ते मान्य केलं होतं. मीही केलं होतं.

१९ मार्चला सकाळी साडेनऊला ऑपरेटर मुलीचा फोन आला. बावीस वर्षांची, रोज धरणगावहून ये-जा करणारी, बी.कॉम. झालेली. ‘ताई, टॅली उघडत नाही. फाइलींची नावं कशीतरीच झालीत.’ मी पोचले तेव्हा ती खुर्चीत न बसता कॉम्प्युटरपासून दोन हात लांब उभी होती. प्रत्येक फाइलच्या नावाला मागे अनोळखी अक्षरं लागलेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: डेटा परत हवा असेल तर पैसे पाठवा. बॅकअपची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेली होती, त्यामुळे तिच्यावरही तीच अक्षरं. माझ्या घरच्या कपाटात एका पेनड्राइव्हवर ३१ जानेवारीपर्यंतचा डेटा होता. तो नसता तर वर्षाचं काम गेलं असतं.

भाऊंनी पैसे दिले नाहीत, हे चांगलं केलं. पण मग फेब्रुवारी आणि मार्च पुन्हा उभे करायचे होते, तेही वर्ष बंद करायच्या तोंडावर. पॅकबंद डाळीच्या विक्रीची फेब्रुवारीची बिलं जीएसटी पोर्टलवर चढवलेली होती, ती परत मिळाली. खरेदी मात्र कागदावरून. काट्याच्या पावत्या कार्बनच्या, काहींवर तुरीची धूळ बसून आकडे पुसट झालेले. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, बारदान वजा, ओलावा वजा. आडत्यांना फोन करून त्यांच्या वहीशी पट्ट्या जुळवल्या. हमालांच्या हजेरीची वही हाताने लिहिलेली होती, म्हणून त्यांची मजुरी तरी बुडाली नाही. २३ दिवस लागले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ताळेबंदाची बेरीज जुळली त्या रात्री मी मिलमधून साडेदहाला निघाले.

त्या २३ दिवसांत ती मुलगी माझ्या शेजारी नव्हती. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. चिठ्ठी तिच्या कॉम्प्युटरवर दिसली, म्हणजे तिनेच काहीतरी उघडलं, कसलीतरी लिंक दाबली, कोणाला तरी पासवर्ड दिला. तिचा फोन तपासायला घेतला. ती रडली, चौथ्या दिवशी यायची बंद झाली आणि तिच्या मार्च महिन्याच्या पगाराचं काय झालं ते मला विचारावं लागलं तेव्हा कुठे तो निघाला. मी तिच्या बाजूने बोलले, पण माझ्या हातात पुरावा नव्हता. कोण केव्हा त्या वायफायवर आलं याची नोंदच नव्हती. सगळ्यांना एकच पासवर्ड, त्यामुळे पासवर्डवरून माणूस ओळखू येत नव्हता.

खरं काय ते मेच्या सुरुवातीला कळलं. मिलमधले लोक जुनी हार्ड डिस्क पुसून टाकायला निघाले होते, ती मी मागून बाजूला ठेवायला लावली होती. गोलाणी मार्केटमधला एक हुशार मुलगा आमचं नवीन जोडकाम करायला आला, त्याने ती तपासली. सर्व्हरच्या नोंदींमध्ये एका अनोळखी लॅपटॉपचं नाव होतं, १८ मार्चला दुपारी. त्या दुपारी एका दलालाबरोबर त्याचा मुलगा आला होता. ‘एक मेल टाकायचाय’ म्हणून ऑफिसमध्ये बसला, वायफाय घेतलं, चहा घेतला, तासाभराने गेला. त्याच्या लॅपटॉपमध्ये आधीच घाण, म्हणजे व्हायरस, शिरलेली होती. त्या व्हायरसने नेटवर्कवरचा उघडा फोल्डर शोधला आणि आपलं काम केलं. त्या मुलालाही ते माहीत नव्हतं, त्याचंही नुकसान झालं. मी त्याला दोष देत नाही. पाहुण्याचा लॅपटॉप आणि आमची खातेवही एकाच खोलीत ठेवली, ही चूक आमची होती.

त्यानंतर मी हा विषय सोडला नाही. मी काही इंजिनिअर नाही, पण दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब ठेवते. तो जिथे ठेवलाय ती जागा कशी आहे हे मला माहीत असायला हवं. पहिली गोष्ट समजली ती ही की वायफायच्या लहरी शटर ओढल्यावर थांबत नाहीत. तार असेल तर चोराला आत यावं लागतं. वायफायला रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरतं, माझी रिक्षा उभी होती तशी. दुसरं म्हणजे फोन राउटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते ती हवेतून टिपता येते आणि मग घरी बसून तिच्यावर एकेक पासवर्ड लावून बघता येतो. दहा आकडी मोबाइल नंबर असेल तर चांगल्या कॉम्प्युटरला ते काही तासांचं काम. आणि नंबर पाटीवरच असेल तर तेवढेही कष्ट नकोत. असंबद्ध चार-पाच शब्द एकापुढे एक लिहून केलेला लांब पासवर्ड फोडणं मात्र फार अवघड, आणि तो लक्षातही राहतो. अशा पासवर्डला त्रेसष्ट अक्षरांपर्यंत जागा असते. आपण दहाच वापरतो.

डाळ मिलमध्ये गोलाणी मार्केटमधल्या त्या मुलाने जे केलं त्याला एक सकाळ लागली. आहे त्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क सुरू केलं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण टॅली, काटा, डीव्हीआर, प्रिंटर काहीच दिसत नाही. ही सोय बहुतेक राउटरमध्ये विकत घेतानाच असते, कोणी चालू करत नाही एवढंच. सर्व्हर आणि काटा तारेवर घेतले. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच ‘अ‍ॅडमिन’ होता, तोही बदलला. टॅलीचा फोल्डर फक्त तीन माणसांना उघडा ठेवला, तिघांना वेगळी नावं आणि वेगळे पासवर्ड. बॅकअपच्या आता दोन डिस्क आहेत. एक लावलेली असते तेव्हा दुसरी कपाटात. मोठ्या कारखान्यांना याच्याही पुढे जाता येतं: वायफायलाच प्रत्येक कामगाराचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड ठेवता येतो. माणूस गेला की तेवढं एक नाव काढायचं, बाकी दोनशे जणांना काही कळतही नाही. आणि कोण केव्हा जोडलं गेलं याची नोंद राहते. अशी नोंद आमच्याकडे असती तर धरणगावची मुलगी आज माझ्या शेजारी बसून एन्ट्री करत असती.

चटईच्या कारखान्यात वेगळंच निघालं. तिथे मागच्या गोदामात एक जुना राउटर आहे, लेबल छापायच्या प्रिंटरसाठी ठेवलेला. माझा फोन त्याला जोडताना ‘सुरक्षा कमकुवत’ असं दाखवायचा आणि मी ते दरवेळी पुसून पुढे जायचे. त्यावर डब्ल्यूईपी नावाचं कुलूप होतं. वायफायचा पहिला मापदंड १९९७चा, हे कुलूप तेव्हाचं. २००१मध्येच तज्ज्ञांनी त्यातली खोट दाखवून दिली आणि २००७मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत उघडून दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टीजेएक्स या मोठ्या दुकान-साखळीचं प्रकरण बाहेर आलं होतं. चोर दुकानांच्या कमजोर वायफायमधून आत शिरले आणि निदान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेली. तेव्हा त्या दुकानांत हेच डब्ल्यूईपी होतं. २००४पासून डब्ल्यूपीए-२ आणि २०१८पासून डब्ल्यूपीए-३ ही जास्त पक्की कुलपं आहेत, आणि आपण गोदामात अजून १९९७ ठेवून बसलोय. त्याच राउटरच्या मागे पटकन जोडायचं डब्ल्यूपीएसचं बटण आहे. त्यासाठी आठ आकडी पिन असतो. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता, असं वाटतं. पण राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११मध्ये उघड झालं. चटईवाल्या दादांना मी हे सगळं एका शुक्रवारी सांगितलं. पुढच्या शुक्रवारी गेले तेव्हा तो राउटर भिंतीवरून काढलेला होता आणि प्रिंटरला तार लावलेली होती. त्यांचं मला फार कौतुक वाटलं.

दाणाबाजारातल्या आप्पांना पटवायला वेळ लागला. आप्पा पारोळ्याकडचे. म्हणाले, ‘ताई, आपलाकडे कोण येस चोरी कराले?’ मी त्यांना २००८ची गोष्ट सांगितली. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना ईमेल गेला. पोलीस माग काढत पोचले ते नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरी. इंटरनेट त्याच्या नावावर होतं आणि वायफाय वापरलं दुसऱ्याच कोणी. पुढच्या महिन्यांत मुंबईत दुसऱ्यांच्या वायफायवरून असे आणखी ईमेल गेले. २००९मध्ये दूरसंचार खात्याला याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना काढाव्या लागल्या. आप्पा ऐकत होते. ‘म्हणजे बिल आपला नाववर, तर पोलीस आपलाकडेच,’ एवढं बोलले आणि पोराला हाक मारली. पासवर्ड त्याच दुपारी बदलला.

सावद्याचं मला जास्त अवघड वाटतं, कारण तिथे प्रश्न माणुसकीचा आहे. केळीची कटाई चालू असली की ऑफिसात सकाळपासून शेतकरी बसलेले. कोणाचा हिशोब व्हायचा, कोणाला आजचा भाव कळायचा, कोणाची गाडी भरायची राहिलेली. आत मोबाइलची रेंज येत नाही, तर ते वायफाय मागतात. त्यांना नाही म्हणायचं? मला ते पटत नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात. पण पाणी ओट्यावर देतात, कोठीघराची किल्ली हातात देत नाहीत. पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क म्हणजे हा ओटा. कोणत्या शेतकऱ्याला काय भाव दिला, कोणाची किती उचल आहे, दिल्लीच्या कोणत्या व्यापाऱ्याकडे किती उधारी अडकली, हे सगळं ज्या कॉम्प्युटरमध्ये आहे तो शेतकऱ्यांचाही आहे असं मी मानते. एखाद्याची उचल चार माणसांत फुटली तर त्याची गावात काय अवस्था होते, हे सावदा-रावेरच्या माणसाला सांगायला नको. त्या व्यापाऱ्यांनी आता ऑफिसच्या दारावर पाहुण्यांच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहून लावलाय. आतलं नेटवर्क वेगळं, त्याचा पासवर्ड दोघांनाच माहीत.

संपादक महाशय, ओटीपी आणि यूपीआयच्या फसवणुकीच्या बातम्या आपण नेहमी देता, त्याचा उपयोगही होतो. आमच्या गल्लीतल्या बायका आता अनोळखी फोनला ओटीपी देत नाहीत. व्यापाऱ्यांच्या वायफायबद्दलही लिहावं. असं काही झालं तर कोणाला कळवायचं, हे आम्हाला त्या मार्चमध्ये ठाऊक नव्हतं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा सरकारी नंबरही कोणी फिरवला नाही. एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं असतं. आमचे पहिले ६ तास एका मुलीला प्रश्न विचारण्यात गेले. व्यापारी बांधवांना माझं मागणं आहे की लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजता, त्या दिवशी वायफायचा पासवर्डही नवा करा. आणि मधे कोणी काम सोडून गेलं तर दिवाळीची वाट बघू नका, त्याच संध्याकाळी बदला. जाणाऱ्या माणसासाठीसुद्धा ते गरजेचं आहे. माझा फोन गेल्या आठवड्यापर्यंत चार जुन्या फर्मच्या वायफायला जोडला जाऊ शकत होता. उद्या तिथे काही झालं तर त्यांच्या राउटरच्या यादीत माझ्या फोनचं नाव निघेल, आणि त्या चौकात मी नुसती रिक्षात बसले होते हे मी कशावरून सिद्ध करू?

म्हणून मी या आठवड्यात चारही ठिकाणी जाऊन आले. माझ्या फोन-लॅपटॉपमधून त्यांच्या जोडण्या त्यांच्यासमोर पुसल्या आणि पासवर्ड बदलायची विनंती केली. तिघांनी बदलला. चौकातल्या फर्मच्या नानांनी ‘बघू, पोरगा आला की’ असं सांगितलं. त्यांच्याकडे मी पुन्हा जाणार आहे.

डाळ मिलचे भाऊ हे पत्र वाचतील आणि ओळखतीलही. त्यांना मी हे सगळं तोंडावर सांगितलेलं आहे. त्या वर्षीच्या मेमध्ये खरं कारण कळलं त्याच दिवशी मी धरणगावला फोन केला होता. ती आता तिथल्याच एका औषधाच्या दुकानात बिलं करते. मी सांगितलं, लॅपटॉप बाहेरच्या माणसाचा होता, तुझा काही दोष नव्हता, तसं कागदावर निघालंय. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, ‘ताई, हे भाऊंनी सांगायला लावलं का?’

भाऊंनी लावलं नव्हतं. तिचा नंबर माझ्याकडे आहे, भाऊ मागतील तेव्हा देईन.

आपली,
एक हिशोबनीस, जळगाव
(नाव छापू नये ही विनंती)